पाहुण्यांसाठी ठेवलेला तांदूळ

दादा जाण्याच्या आदल्या दिवशी रामदासपेठेतल्या दवाखान्यात मी त्याला दोन घास भात भरवला, तर त्याने तो तोंडात घोळवून तोंड वाकडं केलं. "नवा तांदूळ आहे वं हा. गिचका झाला." दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला... भावाचे शेवटचे शब्द म्हणून लोक काय काय सांगतात. माझ्या वाट्याला गिचका भात आला. आता महिना झाला, आणि मला त्याचं हसूही येतं, रडूही.

दादाची नागपूरजवळ मौद्याला भात भरडायची गिरणी होती. मी नागपुरात कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत असे. त्यामुळे आमचं भांडण ठरलेलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एका साली पीक चांगलं आलं आणि मुंबईच्या एका व्यापाऱ्याने आमच्या भागातला चिन्नोर आखातात पाठवायची तयारी दाखवली. आपल्या मातीतला हा सुवासिक तांदूळ समुद्रापलीकडे जावा, हे दादाचं तरुणपणापासूनचं वेड. व्यापारी म्हणाला, लगेच पाठवा. दादा म्हणाला, वर्षभर मुरू द्या.

"पाहुण्याले नवा तांदूळ वाढते का कोणी?"

"दादा, बाजार पाहुणा नसते. तो थांबत नाही."

मी त्याला सगळं समजावलं. देशात धान्य मुबलक आणि भाव उतरलेले असतात, तोवरच सरकार ते बाहेर जाऊ देतं. रुपयाची किंमत, बंदरापर्यंतचं रेल्वेभाडं, दुसऱ्या देशांचा स्वस्त तांदूळ, यांतलं एक जरी फिरलं की आजचा सौदा उद्या तोट्याचा. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि पोती कोठारात रचली. जुन्या तांदळाचा भात मोकळा होतो, हे त्याचं अर्थशास्त्र. इतकी सुसंस्कृत चूक आमच्याकडच्या माणसानेच करावी.

पुढच्या साली पावसाने दगा दिला. भाव चढले, निर्यात बंद झाली. व्यापाऱ्याने निरोप धाडला, माल दाबून ठेवा, बंदी उठली की दुप्पट मिळतील. दादा माझ्याकडे आला. चहा घेतला. मग म्हणाला, "तू सांग, उठंल का बंदी?"

"पीक सुधारलं का उठंल. थांबशील त तुहा तांदूळ जाईल बाहेर."

"मौद्यात लोक मिलो खाऊन राहिले," तो म्हणाला. परदेशातून आलेली ती लाल ज्वारी तेव्हा रेशनवर मिळे. "बाहेरून आलेलं त्यायनं खावं, अन् माह्या चिन्नोरनं बाहेर जावं... मले नाही जमत वं."

त्याने कोठार उघडलं आणि चालू भावापेक्षा कमीने सगळा तांदूळ मौद्यातच विकला. मला राग आला. अभिमान वगैरे फार नंतर वाटला. तोही काही साधू नव्हता. पुढे कितीतरी दिवस चिडचिड करायचा, वहिनींच्या वरणात खोट काढायचा. बंदी यथावकाश उठली, माल इतरांचा गेला. व्यापारी पुन्हा मौद्याकडे फिरकला नाही आणि दादाने तो विषय माझ्यापाशी कधी काढला नाही.

तेरावं झाल्यावर मी गिरणीत गेले. पुतण्या सुधीर आता गिरणी बघतो. भरलेल्या पोत्यांवर पत्र्याचा साचा धरून तो शाई मारत होता. साच्यात इंग्रजी अक्षरं कोरलेली होती : चिन्नोर, मौदा, इंडिया. बाहेर जाणाऱ्या पोत्यांसाठी दादाने तो तेव्हा हौसेने करून घेतला होता म्हणे. मला ठाऊकच नव्हतं.

"हाच वापरता अजून?"

"हो आत्या. बाबा दुसरा करू नाही देत होते."

पोती चालली होती इतवारीला, नागपूरच्याच बाजारात. तिथे मौदा कोणत्या देशात आहे, हे कुणाला सांगावं लागत नाही. मला पुढची अक्षरं नीट दिसेनात.

"नवा करून घेऊ का, आत्या?" सुधीर म्हणाला. "नुसतं मौदा लिहू. इतवारीले इंडिया काहून पायजे?"

"राहू दे गा," मी म्हटलं. "इंडिया राहू दे."