सुलूच्या नावाचा हेल

संगीतकार बाईंनी माझ्या आईला फसवलं. त्यांना घरात मी आणलं.

मुलुंडच्या सभागृहात तालीम चालू होती. स्टेजवर ऐंशी गाणारे उभे, पुढे चाळीस वादक. वादकांच्या खुर्च्या माझ्या, भाड्याने दिलेल्या. हा धंदा मी घाटकोपरच्या टेकडीवर एका हातगाडीवर सुरू केला.

बाई गाणाऱ्यांना म्हणाल्या, "आवाज फार खाल्लेला-प्यालेला येतोय. जरा गरिबी येऊ दे त्यात."

सगळे हसले. मीही हसलो.

मग ते गायले. "सुले, माज्या बाये, भाकरी निवली गो, उठ."

सुलू माझी धाकटी बहीण. सहा वर्षांची, काविळीने गेली. तिला मांडीवर घेऊन आईने हा हेल काढला होता. आमच्यात माणूस गेलं की बायका त्याला नावाने हाक मारून, बोलून बोलून रडतात. ते गाणं नसतं.

गेल्या वर्षी बाई गरिबीवर मोठी रचना करत होत्या. टेकडीवरच्या आमच्या खोलीत आल्या. आईने ओव्या म्हटल्या.

"आजी, याहून दुःखाचं काही?"

आई उठायला लागली. मला बाईंचं खुर्च्यांचं काम हवं होतं. मीच म्हटलं, "म्हण गो, सुलूचं."

आईने म्हटलं. मग म्हणाली, "ह्या कोणाक आयकवूचा नाय हां."

"नाही आजी. फक्त माझ्या अभ्यासाला."

दोन दिवस आई जेवली नाही.

मी स्टेजपाशी गेलो. "थांबवा हे."

"दादा, चहा नंतर," बाई न बघता म्हणाल्या.

"सुलू माझी बहीण आहे."

तेव्हा वळल्या. "अहो, ती आता सगळ्यांची आहे."

माझं डोकं फिरलं. "उठा," मी वादकांना म्हटलं. "खुर्च्या माझ्या आहेत." व्हायोलिनवाली एक मुलगी आधी उठली. मग सगळे. मी खुर्च्या टेम्पोत चढवत होतो, तेव्हा पाठीमागे कुणीतरी सहज तीच ओळ गुणगुणत होतं.

ती ओळ आता कानातून जात नाही. ऐंशी गळे सुलूला उठवतात. ती उठत नाही.

प्रयोग रविवारी आहेच. दुसऱ्याच्या खुर्च्या आल्या. आईला पास आलाय, पहिल्या रांगेचा. तिला वाचता येत नाही. तिने तो देवापाशी ठेवलाय. काय ऐकवणार आहेत ते आज मी तिला सांगणार, माझ्या चुकीसकट.

बाई, तुम्ही टेकडी चढून या. आईसमोर बसा. दिलेला शब्द का मोडलात ते तिच्या तोंडावर सांगा. नाही आलात, तर रविवारी भर सभागृहात, सुलूच्या नावाच्या पहिल्या हाकेला मी उभा राहीन. उत्तर तिथे द्यावं लागेल.