खालच्या ओळीतली आई

पुण्यात मी डिजिटल चित्रकार. माजलगावात मात्र अजून फ्लेक्सवालाच. दहा वर्षं तेच केलं ना! साखर कारखान्याच्या चेअरमनचा चेहरा गोरा करायचा, मिश्या काळ्या करायच्या, मागं भरलेलं धरण लावायचं. खाली शुभेच्छुकांची ओळ, नखाएवढी तोंडं. ज्याचा मान जेवढा, तेवढं त्याचं तोंड मोठं.

दुष्काळात धरणाच्या तळाला भेगा पडल्या, तेव्हाही मी भरलेलंच धरण छापत होतो. कारखान्यानं चारा छावणी काढली. आई आमची गाय घेऊन तिथं तीन महिने राहिली. सावलीला तिनं मीच छापलेलं जुनं फ्लेक्स बांबूवर ताणलं होतं. डोक्यावर चेअरमन, खाली आई नि गाय. चारा वशिल्यानं मिळायचा आणि आमचा कुठला आलाय वशिला! गाय छावणीतच मेली.

त्या संतापात संगणकावर चित्रं केली, अगदी फ्लेक्सच्याच थाटात. भडक पिवळा, जांभळा रंग. सगळ्यांत मोठ्या चित्रात मध्ये नऊ फुटी चेअरमन, गुलाबी गालांचा. मागं निळंशार धरण. शुभेच्छुकांच्या जागी छावणीतली माणसं, कोपऱ्यात आई, गायीसकट. पुण्याच्या गॅलरीत लोक पोट धरून हसले. "काय चपराक आहे!" म्हणाले. मी फुगलो.

मग प्रदर्शन बीडला आणलं, ते आईसाठी. तिच्या गायीसाठी मी भांडलो, एवढं तिला दिसावं.

बीडात कुणी हसलं नाही. हसतायत कसले, कपाळ! चित्रासमोर उभं राहून सेल्फी काढायला लागले. चेअरमनचा पुतण्या आला, गॉगल कपाळावर चढवून बघत राहिला. "लई भारी केलंय बे! कारखान्याच्या गेस्ट हाऊसला लावू." अरे, ही तुझ्या चुलत्याची टिंगल आहे, असं तोंडावर सांगायचं होतं. त्याऐवजी चित्राशेजारी विकल्याची लाल टिकली लावली, स्वतःच्या हातानं.

दुपारी आई आली. चप्पल दाराबाहेर काढली. आधी वर बघितलं, मग वाकून खालच्या ओळीत स्वतःला शोधलं.

"हितं बी त्योच मोठा हाय व्हय रं?"

"आई, टिंगल केलीय त्याची."

"आसंल बाबा. मला तर त्योच दिसतोय. छावणीत बी त्योच वर व्हता." मग गायीवरून बोट फिरवत म्हणाली, "हिचं मोडलेलं शिंग बी काढलंस की." मग नखानं दोघींभोवती चौकट आखली. "एवढा तुकडा कापून दे मला. त्याच्या पायाखाली का म्हून ऱ्हावं आमी?"

"देतो," म्हणालो.

आठवड्यानं टेम्पो आला नि अखंड चित्र कारखान्यावर गेलं. मी आईचा आणि गायीचा वेगळा प्रिंट काढला, चांगला मोठा केला, फ्रेम करून घरी नेला. आईनं पदरानं काच पुसली.

"कापूनच आणलंस न्हवं? आता तिथं न्हाईत ना आमी?"

"न्हाई आई," मी म्हणालो.

तिनं ती फ्रेम देवळीशेजारी लावलीय. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, पोरानं मला तिथून काढून आणलं.