आत्याचा जामीन

माझ्या आत्यानं आजवर कुणालाही कुठलीही वस्तू पूर्ण दिलेली नाही. ती कंजूष आहे असा मात्र याचा अर्थ घेऊ नका. मागायला आलेल्याला नाही म्हणणं तिला जमतच नाही. फक्त दिलेल्या वस्तूचं एक टोक कायम तिच्याच हातात राहतं. शेजारणीनं शिडी मागितली तर शिडीबरोबर आत्याही जाते. शेजारीण पत्र्यावर वाळवण पसरून खाली येईपर्यंत ती शिडी धरून उभी असते आणि खालून ओरडत असते, "उजवा पाय! उजवा म्हन्लं नं!" हळद शिजवायची तिची मोठी कढई जो नेतो, त्याला त्या दिवशी एक पान जास्तीचं मांडावं लागतं, कारण कढई घासून, पुसून परत निघेपर्यंत आत्या भट्टीपाशी ठिय्या मारून बसते आणि जाळ कमी-जास्त करायला लावते. एस.टी.त तिनं एखाद्या लेकराला खिडकीची जागा दिली की त्या लेकराचं काही खरं नसतं. "तिकडं बघ, बगळे. हे बघ, कॅनॉल. खिडकी काय झोपायला दिली व्हय तुला?" नात्यातल्या एका मुलीला तिनं वैजयंती हे नाव सुचवलं होतं. घरच्यांनी दोन महिन्यांत त्याची पिंकी करून टाकली. तेव्हापासून दर दिवाळीला आत्या त्यांच्या दारात उभी राहून 'वैजयंती' अशी खणखणीत हाक मारते आणि पोरीनं ओ दिल्याशिवाय करंज्यांचा डबा उघडत नाही.

ती माझ्या वडिलांची पाठची बहीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. शिरड शहापूरला एकटी राहते आणि स्वतःची शेती स्वतः करते. मी हिंगोलीच्या कोर्टात वकिली करतो, तीही जमिनीच्या वादांची. फौजदारीशी माझा संबंध फौजदारीवाल्या मित्रांच्या चहापुरता. त्यामुळे आत्या तिच्या पुतण्याला जामीन राहायला येते आहे हे मला त्या चहावरच कळलं, आणि चहा कडू झाला.

हा पुतण्या म्हणजे तिच्या धाकट्या दिराचा मुलगा, शिरडलाच राहणारा. दिसायला गोड, बोलायला त्याहून गोड, आणि घरात शिरला की हात चालवणारा. त्याची बायको कविता पुष्कळ दिवस पदर ओढून सगळं झाकत होती. शेवटी त्यानं तिचा हात मोडला. ती पोर तसाच हात गळ्यात बांधून, चार वर्षांच्या मुलीला घेऊन स्वतः पोलीस ठाण्यात गेली. त्याला अटक झाली, काही दिवस तो आत राहिला, मग कोर्टानं अटी घालून जामीन मंजूर केला. बायकोला भेटायचं नाही, फोन करायचा नाही, धमकवायचं नाही, दर रविवारी ठाण्यात हजेरी द्यायची; आणि त्याच्या वतीनं एका जामीनदारानं उभं राहायचं.

लोकांना वाटतं, जामीन म्हणजे सुटका. तो असतो उसनवारीचा व्यवहार. कोर्ट आपल्या ताब्यातला माणूस जामीनदाराच्या भरवशावर बाहेर सोडतं. हा प्रत्येक तारखेला हजर राहील, न राहिला तर माझ्याकडून वसूल करा, असं म्हणून जामीनदार आपला सातबारा पुढे ठेवतो. कागदावर हे फार गंभीर असतं. आमच्या भागात मात्र जामीनदार सही करतो, आरोपीच्या खर्चानं भजी खातो आणि संध्याकाळपर्यंत सगळं विसरतो. शिवाय जो जामीन राहिला तो आपल्या बाजूचा, हे आरोपीनं धरूनच चाललेलं असतं.

मी तिला कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली गाठलं. भयंकर चिडलो होतो. "आत्या, त्यानं पोरीचा हात मोडला, आणि तू त्याला सोडवायला निघालीस?"

"त्याला सोडलंय कोर्टानं. कुनी ना कुनी ऱ्हाईलच जामीन. त्याच्या त्या पेताड दोस्तापरीस मी काय वाईट?" असं म्हणून तिनं सातबाऱ्याची पिशवी मांडीवर घट्ट धरली. "मला येक सांग. दिलेला जामीन वापस घेता येतो का?"

मी म्हटलं, येतो. जामीनदार कोर्टाला सांगू शकतो की मला यातून मोकळं करा. मग कोर्ट आरोपीला बोलावून दुसरा जामीनदार आणायला सांगतं आणि तो मिळाला नाही तर आरोपी पुन्हा आत. पण इतक्या वर्षांत असं करणारा जामीनदार मी तरी पाहिलेला नव्हता, हेही सांगितलं.

"मंग बराबर," आत्या म्हणाली आणि पदर खोचून आत गेली. न्यायाधीश साहेबांनी विचारलं, "आरोपीला ओळखता का?" आत्या म्हणाली, "वळखते म्हनून तं आले."

त्या दिवसापासून पुतण्याच्या आयुष्यात आत्या उगवली. सकाळी तो दात घासायला बाहेर आला की ओट्यावर आत्या. तो पानटपरीवर गेला की समोरच्या गिरणीत आत्या, हातात दळणाचा डबा. रविवारी हजेरीला तो पुढे आणि आत्या मागे. ठाण्यातल्या बाकावर तिची जागा ठरून गेली होती आणि हवालदार तिच्यासाठी बिनसाखरेचा चहा सांगायचे. संध्याकाळी दोस्त बाटली घेऊन आले तर आत्या त्यांच्यात मांडी घालून बसायची आणि प्रत्येकाच्या आईची तब्येत विचारायची. दोस्त हळूहळू यायचेच बंद झाले. गावातली पोरं त्याला 'काकूची कढई' म्हणू लागली. तो हे सगळं हसून सोसत होता, कारण म्हातारी विचित्र असली तरी आपल्या बाजूची आहे, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

कविता तेव्हा कळमनुरीजवळ माहेरी राहत होती. हात बरा झाल्यावर ती झबली-टोपडी शिवून कळमनुरीच्या आठवडी बाजारात विकायला बसू लागली. एका बाजारच्या दिवशी पुतण्या "हिंगोलीला जाऊन येतो" म्हणून निघाला. हिंगोलीत उतरून तो कळमनुरीच्या काळीपिवळीत चढला. त्याच जीपच्या मागच्या सीटवर, दोन पोती आणि एका लग्नाच्या ट्रंकेआड, आत्या बसलेली होती.

पुढचं मला कविताकडून कळलं. तो थेट तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "केस मागं घे. न्हाई तं पोरगी घेऊन चाललो," म्हणाला आणि त्यानं मुलीचा हात धरला. कवितानं मुलीचा दुसरा हात घट्ट धरला. तेवढ्यात कांद्याच्या ढिगामागून आत्या येताना दिसली. कविता सांगत होती, "मला वाटलं, आता दोघं मिळून लेकरू नेतेत." पुतण्यालाही तसंच वाटलं असणार, कारण त्याचा चेहरा खुलला. "काकू, बरं झालं आलात. तुमी तरी समजावा हिला."

आत्यानं आधी त्याच्या मुठीतून मुलीचा हात सोडवला आणि कविताच्या हातात दिला. मग त्याचं मनगट धरलं. "चल."

"कुठं?"

"जिथून आनला तिथं. तुला वापस द्यायचा हाय."

बाजार भोवती गोळा झाला होता. पुतण्या हसला. "चला की. तुमच्या वकील भाच्यासमोरच चला. तोच सांगंल तुमाला, असं काही होत नसते." अशा रीतीनं तो स्वतःच्या पायानं जीपमध्ये बसला. आत्यानं कविताला आणि मुलीलाही पुढच्या सीटवर बसवलं आणि ही वरात दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन थडकली. "अर्ज लिही," आत्या म्हणाली, "मला हा नको."

मी आयुष्यात एवढ्या आनंदानं अर्ज लिहिलेला नाही. साहेबांनी त्याच दिवशी प्रकरण पुढे घेतलं. कविताचं म्हणणं ऐकलं. पुतण्याचे वकील उठून काहीबाही बोलले. मग साहेबांनी आत्याला विचारलं, जामीन का काढून घेता?

"साहेब, हा तारखेला येईल असं मी म्हन्लं व्हतं. आज तारीख बी नव्हती, तरी आनला. पन हा नीट वागंल असं मला म्हनवत न्हाई. ठेवून घ्या."

साहेबांनी पुतण्याला दुसरा जामीनदार आणायला सांगितलं. व्हरांड्यात उभा राहून तो फोन लावत सुटला. मित्र झाले, मावसभाऊ झाले, सोयाबीनचा अडत्या झाला. सगळीकडून एकच सवाल: "काकूनं हात काढून घेतला? मंग मी काहून घालू माझं वावर?" शिडी, कढई आणि खिडकी यांपैकी काही ना काही प्रत्येकानं तिच्याकडून घेतलेलं होतं. तिनं धरलेलं टोक सोडलं, तेव्हा प्रकरण किती बिघडलं असेल, हे त्यांना कळत होतं. कोर्ट उठेपर्यंत कुणीही आलं नाही. पोलीस त्याला घेऊन गेले तेव्हा कविता लिंबाखाली पोरीला केळं सोलून देत होती. तिनं मान वर करून त्याच्याकडे सरळ पाहिलं. त्याच्याकडे इतकं सरळ पाहताना मी तिला प्रथमच बघत होतो.

त्यांना कळमनुरीच्या गाडीत बसवून मी आत्याला सोडायला शिरडवरून जाणाऱ्या वसमतच्या गाडीपाशी आलो. मी फार खुशीत होतो. "आत्या, जिंकलीस! हे सुचलं कसं तुला?"

ती गाडीच्या चाकाकडे बघत म्हणाली, "माझं लगीन नवं व्हतं तवा मी बी अशीच माहेरी आल्ते. पाठ दाखवली व्हती आईला. तुझा बाप मला वापस सासरी घेऊन आला. माझ्या घरी बाजंवर बसून म्हन्ला, मी जामीन हाय, आता हिला कुनी हात लावनार न्हाई. च्या पेला अन् दुपारच्या गाडीनं गेला." पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं. "तुझा बाप वाईट नव्हता रे. पन मंग बघायला आला न्हाई. मी लई बाजाराच्या दिवशी फाट्यावर थांबून त्याची वाट पाह्यली."

माझे वडील हा मी पाहिलेला सर्वांत सज्जन माणूस. शब्दाला पक्के म्हणून गावात त्यांचं नाव होतं. ते आता नाहीत, त्यामुळे विचारणार तरी कुणाला? गाडी सुरू झाली. आत्या वर चढली आणि तिच्यामागून मीही चढलो.

"तू काहून येऊन राहिला?" ती म्हणाली.

"बघायला."

ती सरकली आणि तिनं मला खिडकीची जागा दिली. औंढा जाईपर्यंत मी बगळे पाहिले, कॅनॉल पाहिला, कुणाची तरी म्हैस पाहिली. नंतर तिचा आवाज बंद झाला म्हणून मी वळून पाहिलं. आत्या माझ्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपली होती.