मंडपाच्या खुर्च्या

घुग्घुसच्या शिलाईच्या शेडमध्ये मी शर्टांचे धागे कापायचे आणि माझ्या बाजूला बसणारी एक बाई कॉलर शिवायची. तिला एक वाईट खोड होती. अर्धं वाक्य बोलायची, मशीन चालवायची आणि कॉलर संपली की उरलेलं बोलायची. "बाई, तुया घरी..." एवढं म्हणून ती शिवायला लागायची. घरी आग लागली की पाहुणे आले, हे कळायला आख्खी कॉलर होईपर्यंत थांबावं लागे.

शर्ट परदेशात जायचे. त्यांच्यावर गावच्या खाणीतल्या कोळशाची धूळ बसू नये म्हणून शेट खिडक्या बंद ठेवायचा आणि आम्ही दिवसभर लाकडी खोक्यांवर बसून उकडायचो. एकदा तिकडचे साहेब कामगारांची सोय पाहायला येणार होते. शेटने मंडपवाल्याकडून पाठ टेकायच्या खुर्च्या भाड्याने आणल्या. साहेब खूश होऊन गेले. त्यांची गाडी वळताच मंडपवाला खुर्च्या गोळा करू लागला.

ती उठेना.

"ऊठ बाई, नाई तं उद्यापासून कामावर येऊ नको!" शेट ओरडला.

"उठते ना, शेट..." म्हणून तिने मशीन सुरू केली. शेट थांबला. मंडपवालाही थांबला. कॉलर संपली.

"...साहेबाले परत बोलवा, त्याच्यासमोर उठते."

खोटं कशाला सांगू, मी केव्हाच उठून माझी खुर्ची देऊन टाकली होती. तीच खुर्ची मी मंडपवाल्याच्या हातातून हिसकावली आणि तिच्या बाजूला जाऊन बसले.