धरणाऱ्यानं बघायचं नसतं

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी लपवत नाही. भाजीवाल्याच्या काट्याची पारडी मी आधी खालून बघते. शेजारीण न मागता वाटीभर कढी घेऊन आली की माझ्या मनात पहिलं येतं, हिला काय हवंय? आमचे हे म्हणतात, तुला देव भेटला तरी तू त्याचं आधार कार्ड मागशील. मागेन. का मागू नये?

पर्वत पाटियाच्या मागच्या अंगाला आमची पत्र्याची शेड आहे. स्टीलचं काम. जिन्याचे कठडे, साड्यांच्या दुकानातले स्टँड, मिलमधल्या ट्रॉल्या. हे आर्गन वेल्डिंग करतात, शिकलेले लोक त्याला टिग म्हणतात. खानदेशातून या कापडाच्या शहरात आलो तेव्हा मी मार्केटात साड्यांच्या घड्या घालायचे. पुढे यांनी स्वतःची शेड टाकली आणि धरायला माणूस टिकेना. म्हणून मी एक दिवस गेले, ती तिथलीच झाले.

धरायला म्हणजे काय, ते सांगते. दोन पाइप जोडायचे तर आधी ते एकमेकांना नीट टेकवून धरावे लागतात. मग कडेकडेनं बारीक टाके मारायचे आणि ते बसले की पूर्ण जोड भरायचा. टाक्याच्या वेळी केसभर फट राहिली तर पुढचं सगळं वाकडं, कारण तापलेलं स्टील आणखी ओढून घेतं. साध्या लोखंडाला चुंबकाचा आधार लावून भागतं. आमच्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, त्यामुळे माणूस लागतो. यांच्या एका हातात वेल्डिंगची टॉर्च, दुसऱ्या हातात जोड भरायची तार. राहिले माझे हात, जाड चामडी मोजे घातलेले.

आणि एक नियम. धरणाऱ्यानं बघायचं नसतं. यांच्या तोंडावर काळ्या काचेचं हेल्मेट असतं. मलाही एक आणून दिलं होतं, पण त्यात माझा जीव गुदमरतो. म्हणून आधी जोड जुळवायचा, मग मी पदर तोंडावर ओढून भिंतीकडे बघायचं आणि डोळे गच्च मिटायचे. हे विचारायचे, "धरलं का?" मी म्हणायचे, "धरलं." त्यानंतरच टाका. माझं 'धरलं' ऐकल्याशिवाय यांनी कधी टॉर्च पेटवली नाही. भांडण झालेल्या दिवशी तर आम्ही दिवसभरात एवढंच बोलायचो.

यंदा दिवाळी झाली आणि हे बदलले. सुरुवात चहापासून. शेडमध्ये दुपारचा चहा हेच करतात, आणि मला कप काठोकाठ लागतो हे त्यांना लग्नापासून ठाऊक आहे. तर माझा कप अर्धाच येऊ लागला. विचारलं तर म्हणाले, दूध कमी होतं. मी पातेल्यात डोकावले. चहा होता.

मग आले नवे क्लॅम्प. लहानसहान जोड हे क्लॅम्पनंच आवळायचे आणि टाके मारायचे. मला म्हणायचे, तू बस जरा, दमली असशील. अगं बाई! इतक्या वर्षांत मी दमले असेन असं या माणसाला एकदाही सुचलं नव्हतं. मी कोपऱ्यात बसून तयार पाइप पुसायचे आणि बघायचे. क्लॅम्पला कुणी 'धरलं का' विचारत नाही. मुकाट्यानं टाका पडायचा, आणि तो माझ्या काळजावर पडायचा.

पण खरा संशय आला तो कठड्यावरून. एका कापडवाल्या शेठच्या बंगल्यात कठडा बसवायला गेलो तर दोन खांब झुकलेले. शेठनं स्वतः काटकोन तपासायचा गुण्या लावून दाखवला, कोपऱ्यातून उजेड दिसत होता. मोठ्या खांबांना क्लॅम्प पुरत नाहीत, ते मीच धरले होते. मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, माझा हात हलला, शेठ, उतरवून नवीन करून देतो. मी बघतच राहिले. यांच्या हातून भाजीत मीठ जास्त पडलं तर हे मिठाला खारट म्हणून शिव्या देणार. आणि हात हलला म्हणे! यांचा हात कधी हलत नाही. पाणी कुठंतरी मुरत होतं.

घरी जाताना मी डोकं पिंजत बसले. चूक एवढ्या सहज कबूल करणारा माणूस दुसरं काहीतरी झाकत असतो, हा माझा अनुभव आहे. शेड विकायची असेल. हजीऱ्याला कंपनीत नोकरी धरायची असेल. की धरायला दुसरी कुणी बघितली? मला यांच्यावर तसला संशय नव्हता, म्हणजे होता, पण थोडा. मला भीती जागेची होती. त्या टेबलाच्या अलीकडची जागा माझी. ती गेली तर मी कोण? स्वयंपाक तर कुणीही करतं.

त्यातच यांच्या शहराबाहेर कामरेजला फेऱ्या सुरू झाल्या. म्हणायचे, आर्गनचा सिलिंडर बघून येतो. सिलिंडर टेम्पोवाला दारात आणून टाकतो, आणि आमच्या सिलिंडरचा काटा चांगला वर होता. तो वाचायला मला यांनीच शिकवलंय. ताकाला जायचं तर भांडं तरी नीट लपवावं! एका दुपारी शेडच्या मागे फोनवर हळू आवाजात बोलत होते. मी पत्र्याला कान लावला. शेवटचं वाक्य तेवढं आलं, "घरी सांगितलं नाही अजून."

पुढच्या वेळी हे मोटरसायकलवर निघाले आणि मी मागून रिक्षा केली. रिक्षावाला विचारतो, मावशी, पीछा करना है क्या? म्हटलं, तू पुढे बघून चालव.

कामरेजला हायवेच्या कडेला एका लेथवाल्याच्या गाळ्यासमोर मोटरसायकल उभी होती. मी सरळ आत घुसले. बाई नव्हती, नोकरी नव्हती. टेबलावर एक लोखंडी सांगाडा उभा होता. जड बैठक, त्यावर दोन हात, हवे तसे फिरणारे, आणि हातांना तांब्याचे जबडे, स्क्रूनं आवळायचे. काय आहे ते मला लगेच कळलं. हे वाकून एका जबड्यात पाइप बसवून बघत होते.

"माझ्या जागी हे आणताय?" मी म्हटलं.

यांनी वर बघितलं. दचकले, पण खोटं बोलले नाहीत. लेथवाला शहाणा, मशीन बंद करून चहाला निघून गेला. मी मग काय काय बोलले ते आता सांगत नाही. अर्धा चहा, क्लॅम्प, सिलिंडर, सगळं काढलं. माझ्या हातांनी तुमची शेड उभी राहिली आणि आता हात लोखंडाचे हवेत का, हेही विचारलं. हे ऐकत राहिले. मग भंगारातून दोन पट्ट्या उचलल्या, माझ्यासमोर ठेवल्या आणि म्हणाले, "धर."

मी रागानंच धरल्या. मोजे नव्हते. कडेला कड टेकवली आणि सवयीनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"फिरवू नको. आज बघ."

मी बघितलं. दोन पट्ट्यांच्या मध्ये काळी रेघ होती. ती मिटली. परत उघडली. परत मिटली. मला वाटलं, हे टेबलाला धक्का देतायत. असा माझा स्वभाव! यांच्याकडे पाहिलं तर हे दोन पावलं मागे, हात पाठीशी. मी पट्ट्या आणखी दाबल्या. रेघ जास्तच थरथरू लागली.

माझे हात होते ते. इतकी वर्षं धरलं आणि टाका पडताना स्वतःचे हात मी एकदाही बघितले नव्हते. जाड मोज्यातून कळत नाही. मिटल्या डोळ्यांना दिसत नाही. काठोकाठ कप माझ्याच हातून हिंदकळत होता, आणि मी बशीत सांडलं की कप वाकडा म्हणायचे.

पट्ट्या खाली ठेवल्या. कधीपासून, म्हणून विचारलं. दिवाळीच्या आधीपासून, म्हणाले. सांगितलं का नाही?

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून तू शेडवर आली नसतीस."

खरं होतं. मी रुसून घरी बसले असते आणि दोष यांनाच दिला असता. मला रडू आलं. भीतीनं आलं, आणि रागानंही, की माझ्या हातांची गोष्ट मला सगळ्यांत शेवटी कळावी. यांनी सांगाड्याचा स्क्रू उगीच फिरवला आणि म्हणाले, उद्या डॉक्टरकडे जाऊ.

गेलो. डॉक्टर म्हणाले, अशी थरथर पुष्कळांना असते, गोळ्यांनी कमी होईल, कदाचित पूर्ण जाणार नाही. गोळ्यांच्या पाकिटावरची मुदत मी दोनदा वाचली.

सांगाडा शेडमध्ये आला. त्या दिवशी मी पाइप पुसायला कोपऱ्यात बसले, कारण दुसरं काही काम उरलं नव्हतं. यांनी पाइप जबड्यांत आवळले. गुण्या लावला. उजेडाची रेघसुद्धा दिसत नव्हती. हेल्मेट खाली घेतलं, टॉर्च उचलली आणि थांबले.

"धरलं का?"

मी म्हटलं, लोखंडाला विचारताय का? टॉर्च तशीच हातात, हेल्मेट खाली, वाट बघत उभे. मी मुद्दाम वेळ लावला. तरी टॉर्च पेटली नाही.

मग उठले. टेबलाच्या अलीकडे माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले, पदर तोंडावर ओढला, भिंतीकडे वळून डोळे मिटले.

"धरलं," मी म्हटलं.