छावणीत घाणीचे साम्राज्य

आमच्या बीडच्या पेपरात मी साम्राज्यं इतकी पाहिली आहेत की एखाद्या बादशहालाही हेवा वाटावा. बसस्टँडवर घाणीचे साम्राज्य. धारूरच्या घाटात खड्ड्यांचे. लाईट गेली की अंधाराचे, गटार तुंबली की डासांचे. आणि त्याच पेपरच्या रविवारच्या पुरवणीत, साखर कारखान्याच्या अध्यक्षांचा वाढदिवस आला की त्यांनी शून्यातून उभारलेले सहकाराचे साम्राज्य, फेट्यासकट, रंगीत. मी त्या पेपरचा धारूरकडचा वार्ताहर होतो. घाणीची बातमी मीच द्यायची आणि वाढदिवसाची जाहिरातही मीच आणायची. वाचणाऱ्यांना यात काही वावगं वाटत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही सवय झाली होती.

मग दुष्काळ पडला आणि अध्यक्षांच्याच एका संस्थेनं आमच्या गावाबाहेरच्या माळावर चारा छावणी काढली. माझे वडील, आबा, घरची बैलजोडी घेऊन तिथेच राहायला गेले. हिरव्या जाळीखाली त्यांची खाट, खाटेला लागून बैल. ही जोडी त्यांनी वासरं असल्यापासून वाढवलेली. घरी विहिरीत खडक दिसत होता, छावणीत तगली नाही तर जोडी बाजारात न्यावी लागणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

चारा मिळत होता, पाण्याचे मात्र हाल होते. टँकर कधी यायचा, कधी नाही. बैल कोरड्या हौदात तोंड घालून तसेच उभे राहायचे. आबा म्हणाले, "तू पेपरवाला हायस ना? मग लिव्ह की. चारा कमी दिला तरी चालंल, पण पाणी द्या म्हणावं."

मी लिहिलं. टँकर, हौद, जनावरांच्या खोल गेलेल्या कुशी, सगळं लिहिलं. एका वाक्यात, शेण वेळेवर उचललं जात नाही, असंही होतं. सकाळी पेपर उघडला तर मथळा: "छावणीत घाणीचे साम्राज्य". खाली शेणाचं ते एक वाक्य फुगवून चार ओळींचं केलेलं, आणि पाणी जागेअभावी कापलेलं. मी बीडला उपसंपादकाला फोन लावला. तो खुशीत होता. म्हणाला, "मथळा कसा फिट्ट बसलाय बघ!" मला संताप आला, पण फोनवर ओरडून छापलेलं थोडंच पुसता येतं.

बातमीची दखल मात्र ताबडतोब घेतली गेली. एरवी अर्ज करून करून चपला झिजतात, पण त्या दुपारीच संस्थेची माणसं ट्रॅक्टर घेऊन आली. शेण उचललं, चुन्याची फक्की मारली. तेवढ्यात टँकर आला. मला जरा बरं वाटलं. त्यांनी पाईप सोडला आणि दावणी, रस्ता, हौदाच्या बाहेरच्या भिंती धुऊन काढल्या. फोटो काढायचा होता. आबा पाईप धरणाऱ्या पोराच्या हातापाया पडत होते, "आरं, हौदात सोड बाबा, जनावरं तहानलीत," आणि तो म्हणत होता, "मला साफसफाईचं सांगितलंय, काका." टँकर रिकामा होऊन गेला. आमचा एक बैल दावं ताणून ओली जमीन चाटत होता.

आबांनी माझ्याकडे बघितलं. "बातमीत पाणी कावून न्हाई आलं रं?"

जागा नव्हती, हे बापाला कोणत्या तोंडानं सांगायचं?

पुढच्या आठवडी बाजारात आबा जोडी घेऊन गेले. मला सोबत नेलं नाही. बैल देताना दावी देत नाहीत आमच्यात, म्हणून परत आले तेव्हा ती दोन दावी खांद्यावर होती. मी दारातच होतो. मी म्हटलं, "आबा, मी पुन्हा लिहितो. यावेळी फक्त पाण्याचंच लिहितो."

त्यांनी दावी खुंटीला अडकवली.

"आता न्हाई लिव्हलं तरी चालंल," ते म्हणाले. "आता आपल्याला पाणी लागत न्हाई."