भावजींचा उकिरडा

आमचे भावजी भर बाजारात गुडघ्यावर बसत आणि एक डोळा मिटून म्हशीकडे बघत. आमच्या वडीगोद्रीत नवा आलेला माणूस घाबरून पाणी आणायला धावे. जुने लोक वळसा घालून पुढे जात. "चक्कर आली का काय?" असं कुणी विचारलंच, तर भावजी मान न हलवता म्हणत, "न्हाई, उंची बघून राह्यलो." माणूस अंगठ्याएवढा केला तर म्हैस केवढी करावी लागेल, याचा तो अभ्यास असे. म्हशीला तो आवडत नसे.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. दिवसभर हायवेवरच्या आमच्या बियाण्यांच्या दुकानात बसायचे आणि दुकान बंद झालं की माळ्यावर जाऊन पुठ्ठा, तार आणि रंगातून आमची गल्ली बनवायचे. दारं, खिडक्या, विजेचे खांब, तारेत अडकलेला पतंग, सगळं मापात. त्याला खेळणं म्हटलेलं चालत नसे. "मॉडेल म्हणा, वहिनी. खेळण्यातली गाय हसते. माझी हसत न्हाई."

मी घर यादीवर चालवते. त्या यादीचा बोजवारा उडवला तो भावजींनी. खसखस आणावी तर दुसऱ्या दिवशी डबा रिकामा. विचारलं तर म्हणाले, "संपली न्हाई, वहिनी. रस्त्यावर टाकली." खडी म्हणून! खराट्याच्या काड्यांच्या त्यांनी तुराट्या केल्या. माझ्या साडीच्या आतल्या टोकाची पट्टी कापून बारीक दोरीवर धुणं वाळत घातलं. पुढच्या लग्नसराईत मला एक निरी कमी पडली, तेव्हा ते कळलं.

त्यांचा एकच हट्ट होता: चांगलं नको, बराबर पाहिजे. शेजारचे बन्सीदादा एकदा माळ्यावर आले, आपलं घर बघून खूश झाले आणि जाता जाता हळूच म्हणाले, "भाऊ, आमच्या घरावर एक मजला चढवून दे की. दिवाळीनंतर बांधायचाच आहे."

"तुम्ही बांधा, त्याच दिवशी चढवतो."

"अरे, पुठ्ठ्याचा तर मजला! तुला काय खर्चा?"

"खालच्या भिंतीला तडा आहे, दादा. झेपायचा न्हाई."

तडा त्यांनी पुठ्ठ्यावरही काढला होता. बन्सीदादा महिनाभर आमच्याशी बोलले नाहीत.

मलाही त्यांनी गच्चीवर उभं केलं होतं. कमरेवर हात, तोंड उघडं. "ते तोंड मिटा आधी," मी म्हटलं. "मिटलं तर लोक ओळखायचे न्हाईत," ते म्हणाले.

या नादात भावजी छत्तिशीच्या पुढे गेले. स्थळं यायची, माळा बघायची आणि मग निरोपच यायचा नाही. अशात भोकरदनच्या सुरेखाचं स्थळ आलं. तिचं स्वतःचं शिलाईचं दुकान होतं. फोटो भावजींना आवडला हे मला कळलं, कारण त्या दिवशी त्यांनी कुणी न सांगता दाढी केली. हे स्थळ गेलं तर पुढचं येणार नव्हतं. मला ते माहीत होतं आणि त्यांनाही.

मी कामाला लागले. पडदे धुतले, चादरी बदलल्या. दारासमोरचा उकिरडा आदल्या दिवशी ट्रॅक्टर लावून उचलला, जागा सारवली, रांगोळी काढली, वर तुळशीच्या दोन कुंड्या ठेवल्या. माळ्याला कुलूप लावणं तेवढं यादीत लिहायचं राहिलं.

पोहे झाले आणि सुरेखाचे वडील, अण्णा, घर बघत बघत थेट माळ्यावर. मागोमाग आम्ही सगळे. मॉडेल बघून अण्णांचा चेहरा उजळला. हायवेच्या गावात असली मॉडेलं प्लॉट विकणाऱ्यांच्या ऑफिसातच असतात.

"वा! प्लॉटिंग करता म्हणा की! हा कोपऱ्याचा गेला का?"

"बोलणी चालू आहेत," मी म्हणणारच होते. तेवढ्यात भावजी म्हणाले, "प्लॉट न्हाई, अण्णा. आमचीच गल्ली आहे. जशी आहे तशी."

अण्णांनी खिडकीतून खाली पाहिलं. मग मॉडेलकडे पाहिलं. परत खाली पाहिलं.

"जशी आहे तशी? मंग तुमच्या दारातला हा उकिरडा कुठंय?"

मी भावजींना जोरात चिमटा काढला. तो आमच्या ह्यांना बसला असावा, कारण ओरडले ते.

"काल वहिनींनी ट्रॅक्टरनं उचलला," भावजी म्हणाले. "तुम्ही येणार म्हणून. परवा येईल परत."

सुरेखा पुढे झाली, गुडघ्यावर बसली आणि एक डोळा मिटून उकिरड्याकडे बघू लागली.

"हा कशाचा केला?"

"चहाचा चोथा. वाळवून."

"बराबर दिसतो. पण पिसं न्हाईत. उकिरड्यावर कोंबडीची पिसं असतात."

भावजी तिच्या शेजारी गुडघ्यावर बसले आणि त्यांनीही एक डोळा मिटला. "राहिलीच की," ते म्हणाले.

"पांढरा दोरा उकलून विंचरला की पीस होतं. दुकानात लई पडलेत."

"सुरेखा," अण्णा कडाडले, "आपण काय उकिरडा बघायला आल्तो का?"

"बाकीच्या स्थळांनी दाखवला कुठं, अण्णा?"

लग्न झालं. सुरेखाचं चालतं दुकान हलवणं शक्य नव्हतं, म्हणून भावजींनीच भोकरदनला नोकरी धरली आणि अण्णांच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या. इकडे लोक 'घरजावई' म्हणाले. भावजी म्हणाले, "भाडं भरून राह्यलो."

निघायच्या दिवशी मॉडेल जिन्यातून उतरेना, तेव्हा माळ्याची खिडकी चौकटीसकट काढावी लागली. मी प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी चिकटवत होते, त्यामुळे रडायला वेळ मिळाला नाही. टेंपो भरून झाला तेव्हा मिळाला. मागे सामानात सुरेखा आख्खी गल्ली सांभाळून बसली होती. न्यायला आलेल्या अण्णांनी भावजींना जरा बाजूला घेतलं.

"जावईबापू, आता आमची गल्ली बनवणार म्हणं तुम्ही?"

"हो. पोचलो की लगेच."

"बनवा, बनवा. फक्त आठ दिवस दम धरा. आमच्या दारापुढची नाली तुंबलीय, तेवढी साफ करून घेतो."

भावजी घाईघाईनं टेंपोत चढले. "ड्रायव्हरदादा, जल्दी घ्या," ते म्हणाले. "उजेड आहे तोवर पोचायचंय."